चोखोबांच्या अभंगांतला राग आपण ऐकतो का?

मंगळवेढेकर

शाळेच्या पुस्तकात संत चोखामेळा भेटतात ते 'ऊस डोंगा (वाकडा) परी रस नोहे डोंगा' म्हणत. कीर्तनातही बहुतेक वेळा तेच रूप समोर येतं. नम्र, सोशिक, देवळाबाहेर उभं राहून समाधान मानणारे, आणि ज्यांच्या घरी विठ्ठल स्वतः जेवायला आला असे चोखोबा. मी सध्या त्यांचे सगळे अभंग ओळीने वाचतोय. साडेतीनशेच्या आसपास आहेत. वाचत गेलो तसं हे चित्र मला पटेनासं झालंय.

हे बघा:

धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद।
बडवे मज मारिती ऐसा कांहीं तरी अपराध॥

पुढे बडवे, म्हणजे विठ्ठल मंदिरातले वंशपरंपरागत पुजारी, विचारतात की विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला, आणि देव बाटवला म्हणून शिव्या देऊन मारतात. चौदाव्या शतकातल्या माणसाने स्वतः खाल्लेल्या माराची ही तक्रार आहे, मारणाऱ्यांचा थेट उल्लेख करून केलेली. 'हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा' यातही 'मज दूर दूर हो म्हणती' असं स्वच्छ सांगितलंय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. परंपरेप्रमाणे चोखोबांचं मूळ गाव देऊळगाव राजाजवळचं मेहुणा, आयुष्य गेलं मंगळवेढ्यात. वाट्याला गावकीची कामं आणि उष्टं अन्न. नामदेव गुरू. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले, शके १२६० म्हणजे १३३८ साली. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळेच अभंग रचणारे. एका महाराच्या घरात पाच कवी!

माझं म्हणणं असं की हा माणूस सोसत होता तसाच विचारतही होता, आणि आपण त्याचं विचारणं गाळून फक्त सोसणं ठेवून घेतलं. तुम्हाला काय वाटतं?

जोंधळा

उत्तम धागा. वाचतोय. आमच्या मंगळवेढ्याची ओळख ज्वारी आणि दामाजीपंतांपाशी थांबते, चोखोबा तिसरे आठवतात याचंच वाईट वाटतं.

टाळकरी

मंगळवेढेकर, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण मी असहमत. माझं अर्धं आयुष्य वारीत गेलं. देवाशी भांडणं ही वारकऱ्यांची जुनी रीत आहे. नामदेव रुसतात, जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालते. ते प्रेमाचं भांडण असतं. तुम्ही दिलेला अभंग शेवटपर्यंत वाचा. चोखोबा स्वतःला 'तुमचे दारीचा कुतरा' म्हणतात आणि शेवटी हात जोडून सांगतात की बोललो त्याचा राग धरू नका. हा सगळा शरणागतीचा भाव आहे. आजच्या चळवळीचा चष्मा लावून बघितलं तर भक्ती दिसायची राहून जाईल.

खोडसाळ_पण_भाविक

सगळ्या संतांनी मिळून विठ्ठलाला इतकं बोलून घेतलंय की त्याने कमरेवरचे हात उचलून कानांवर कसे ठेवले नाहीत याचंच नवल वाटतं.

अनघा_दि

टाळकरीकाका, जनाबाई देवावर चिडते ती तो भेटत नाही म्हणून. नामदेव रुसतात ते गाभाऱ्यात उभे राहून. चोखोबांच्या पाठीवर वळ आहेत. हे तिन्ही राग एकाच खात्यात कसे टाकायचे?

आणि त्याच अभंगात, 'कुतरा' म्हटल्यावर लगेच पुढे, ते चक्रपाणीला जिम्मेदार म्हणतात. हात जोडलेले आहेत हे खरंच, पण जबाबदारी कोणाची हेही सांगून झालंय. दोन्ही एकाच श्वासात आलंय, मग आपण एकच निवडायचं का?

कैवल्य

मंगळवेढेकरांना एक अडचणीचा प्रश्न. या अभंगाचं काय करणार?

शुद्ध चोखामेळा। करी नामाचा सोहळा॥
यातिहीन मी महार। पूर्वीं निळाचा अवतार॥
कृष्णनिंदा घडली होती। म्हणोनी महार जन्मप्राप्ती॥

गेल्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून या जन्मी महार झालो, असं ते स्वतः म्हणतात. विटाळ हे आमच्या पूर्वीचं फळ, असाच शेवट आहे. ज्याला आपल्या अवस्थेचं कारण आपल्याच कर्मात दिसतं, त्याला व्यवस्थेला प्रश्न विचारणारा म्हणणं मला ओढूनताणून वाटतं. मला चोखोबांबद्दल नितांत प्रेम आहे, म्हणूनच त्यांना आपल्याला हवे तसे रंगवू नये असं वाटतं.

जोंधळा

कैवल्य, चोखोबांचे अभंग कोणी लिहून घेतले ते बघायला हवं. कोणत्या संताचा लिहिणारा कोण, याचा जनाबाईंच्या नावावर एक फार मोलाचा अभंग आहे. निवृत्तीचे बोल सोपानाने लिहिले, मुक्ताईची वचनं ज्ञानदेवांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, आणि 'चोखामेळ्याचा अनंतभट्ट अभ्यंग'. म्हणजे चोखोबांचे शब्द आपल्यापर्यंत येतात ते एका ब्राह्मणाच्या लेखणीतून. पूर्वजन्माचं हे कारण लिहिणाऱ्याच्या मनातलं, किंवा पुढच्या कुणा नकलाकाराचं असण्याची शक्यता नाही का?

कैवल्य

शक्यता आहेच. पण मग 'बडवे मज मारिती' हेही त्याच अनंतभट्टाने लिहून घेतलं असणार! अनंतभट्टाला झाकायचंच असतं तर त्याने ते आधी झाकलं असतं. नको असलेले अभंग तेवढे लेखकाच्या माथी आणि हवे असलेले चोखोबांचे, ही वाचायची रीत मला मान्य नाही.

उलट मला त्या अनंतभट्टाबद्दल आदर वाटतो. आपल्याच लोकांवरचा आरोप त्याने ऐकला आणि उतरवून घेतला.

मंगळवेढेकर

कैवल्य, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. दोन्ही अभंग ठेवून वाचायला हवेत. माणूस एका दिवशी म्हणतो माझंच काही चुकलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो काय म्हणून मला मारता. वर्षानुवर्षं अपमान सोसणाऱ्याच्या मनात या दोन्ही गोष्टी असणारच. शिवाय 'वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ' हाही त्यांचाच. वेद, शास्त्रं, पुराणं, जीव, शिव, कायाही विटाळाची, मग शुद्ध उरलं कोण? कर्माचं फळ म्हणून गप्प बसलेल्या माणसाला हे सुचत नाही.

वऱ्हाडी_माणूस

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मेहुणा राजा आमच्याकडं निर्मळाबाई आणि बंकोबांमुळंही ओळखीचं. सोयराबाईच्या बाळंतपणाची कथा आमच्याकडच्या बायाबापड्या फार जीव लावून ऐकतात. दिवस भरत आले आणि चोखोबा घरात काही न सांगता बहिणीकडं, निर्मळेकडं निघून गेले. सोयरा एकटी. मग विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन आला अन् नणंद बनून त्यानं बाळंतपण केलं. चोखोबा परतले तर सोयरा म्हणते, वन्सं आल्या होत्या, सगळं केलं त्यांनी.

बुवा ही कथा देवाच्या मायेची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण माझी आई दरवेळी म्हणायची, की घरात खायला नसताना नवरा निघून गेला, ते आधी सांगा. धाग्याचा प्रश्न चोखोबांचा आहे, पण त्या घरात सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर सोयराबाईनं.

अनघा_दि

वऱ्हाडी दादा, आईंना नमस्कार सांगा. मी सोयराबाईंवर लिहिणारच होते.

सोयराबाईंच्या नावावर साठेक अभंग आहेत. सही करतात 'चोख्याची महारी' अशी. 'अवघा रंग एक झाला' त्यांचाच. किशोरीताईंच्या आवाजातून तो घरोघर पोचला, पण तो ऐकताना डोळे मिटणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असतं की हे शब्द गावकुसाबाहेरच्या एका बाईचे आहेत? 'मी तूं पण गेलें वायां' असं ती म्हणते तेव्हा तिने ओलांडलेलं अंतर आपल्या मीतूंपणाच्या कितीतरी पट मोठं आहे. तिच्या 'मी' ची सावलीसुद्धा लोकांना चालत नव्हती.

पण माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा अभंग हा:

देहासी विटाळ म्हणती सकळ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला।
सोंवळा तो झाला कवण धर्म॥
विटाळावांचोनि उत्पत्तीचें स्थान।
कोण देह निर्माण नाहीं जगीं॥

पहिल्या दोन ओळींवर थांबली असती तर कुठल्याही वेदान्त्याने मान डोलावली असती. ती थांबत नाही. विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण आणि कुठल्या धर्माने? ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्यावाचून कोणाचा देह घडलाय ते दाखवा. जातीचा विटाळ आणि बाईचा विटाळ, दोन्ही एकाच प्रश्नाने तिने निकालात काढले. हे सुचायला बाळंतपण आणि अस्पृश्यता दोन्ही अंगावर घेतलेली बाईच लागते. चोखोबा 'कैसी घडे तुझी सेवा' असं देवाला विचारतात. सोयराबाई सोवळ्यांनाच विचारते.

माणदेशी_मेंढपाळ

+१ अनघाताई. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

स्वरवेडा

अवांतर: अभंगांचा विषय निघालाच आहे तर 'अबीर गुलाल उधळीत रंग' बद्दलही बोलू या. चोखोबांचा म्हणून सगळीकडे गातात, अभिषेकीबुवांनी त्याचं सोनं केलं. पण त्यात 'नाथाघरी नाचे माझा सखा पांडुरंग' आहे. नाथ म्हणजे पैठणचे एकनाथ घेतले तर त्यांचा काळ १५३३ ते १५९९. चोखोबा गेले १३३८ ला. हे गणित कसं बसायचं?

टाळकरी

स्वरवेडा, नाथ म्हणजे साक्षात विठ्ठलच, जगाचा नाथ, असाही अर्थ लावतात. पण मला विचाराल तर त्याची भाषाही गाथेतल्या चोखोबांच्या मानाने फार नवी वाटते. आम्ही तरीही तो गातो आणि गात राहू. 'उंबरठ्यासी कैसे शिवू' ही ओळ आली की दिंडीतली माणसं आपोआप हळू होतात. कोणी रचला असेल त्याला चोखोबांचं दुःख कळलं होतं.

निळी_पहाट

इतका वेळ नुसती वाचत होते. आता लिहिते.

मी बौद्ध घरातली. माझ्या आजीच्या आईला चोखोबांचे अभंग पाठ होते असं घरात सांगतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या घरातून विठ्ठल गेला आणि त्याच्याबरोबर चोखोबाही गेले. माझे वडील म्हणायचे, चोखोबा पायरीशी थांबले, आपल्याला पायरीशी थांबायचं नाही. त्यांचा राग खरा होता. शिकल्यासवरल्या लोकांनी कधी सरळपणे तर कधी आडून आमच्या माणसांना चोखोबांचाच दाखला दिलेला आहे, की बघा, तुमचा चोखा कसा नम्र होता, कधी देवळात शिरायचा हट्ट केला नाही. संत असा काठीसारखा वापरला की ज्यांचा तो संत, त्यांनाच तो नकोसा होतो.

मंगळवेढेकर, तुम्ही म्हणता चोखोबा विचारत होते. मान्य. पण विचारलं कोणाला? देवाला. मारणाऱ्यांचा उल्लेख आहे, त्यांना जाब नाही. चौदाव्या शतकात, गावकीच्या अन्नावर जगणाऱ्या माणसाला जाब विचारायला जागाच नव्हती, हे मला कळतं. त्यांच्याकडून ती अपेक्षा मी करणार नाही. पण ते तिथे थांबले हेही सांगितलं पाहिजे.

तरीही एक गोष्ट मला सतत खुणावते. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. संतांचा मार्ग आपल्या लोकांच्या सुटकेला पुरणार नाही असं ठाम मत असलेल्या माणसाने हे केलं. मार्ग नाकारून माणसाचा मान राखता येतो, हे मी त्या अर्पणपत्रिकेवरून शिकले. त्यानंतर मी चोखोबा वाचायला घेतले, आणि वाचता वाचता मुलापाशी येऊन थांबले:

आमुची केली हीन याती। तुज कां न कळे श्रीपती॥
जन्म गेला उष्टें खातां। लाज न ये तुमचे चित्ता॥
आमचे घरीं भात दहीं। खावोनि कैसा म्हणसी नाहीं॥
म्हणे चोखियाचा कर्ममेळा। कासया जन्म दिला मला॥

धाग्याच्या सुरुवातीला विठ्ठल चोखोबांकडे जेवायला आल्याचं लिहिलंय ना, त्या जेवणाबद्दल मुलगा काय म्हणतो ते बघा. आमच्या घरी दहीभात खाल्लास आणि आता नाही म्हणतोस? ज्या कथेवर कीर्तनात लोकांचे डोळे पाणावतात तीच कथा पुढे ठेवून हा मुलगा देवाकडे हिशेब मागतोय. आई-बापाच्या अभंगांत शेवटी विठ्ठलाच्या पायाशी विसावा असतो. इथे तो शोधून सापडत नाही. मला माझे वडील या अभंगात दिसतात.

जोंधळा

निळी पहाट, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय.

कैवल्य

कर्ममेळ्याचा हा अभंग माझ्या पूर्वजन्माच्या मुद्द्यालाही उत्तर देतो. बाप म्हणाला असेल की हे माझ्या कर्माचं फळ. मुलगा म्हणतो 'केली', म्हणजे आमची याती हीन कोणीतरी केली. तो स्वतःकडे बोट दाखवत नाही. बापानंतर एका पिढीत सूर इतका बदलला, हे या घराच्या गाथेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चोखोबांना एकटं काढून वाचणं हीच आपली खरी गफलत असावी.

भीमातीर

पंढरपुरात राहतो, म्हणून तिथलं थोडं.

महाद्वारापाशी नामदेव पायरी आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. आख्यायिका अशी की भिंतीखाली गाडलेल्यांत चोखोबा ओळखायचे कसे, तर ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येतं ती वेचून नामदेवांनी आणली आणि इथे समाधी बांधली. नामदेवांनी म्हटलंच आहे, 'चोखा माझा जीव चोखा माझा भाव। कुळधर्म देव चोखा माझा॥'. चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावर चोखोबांनी दीपमाळ उभारल्याचंही सांगतात. गावात राहू देत नव्हते, तेव्हा पलीकडून कळसाकडे बघत.

पण निळी पहाट म्हणतात ते खरं आहे. ती समाधी बांधली गेली आणि पुढची सहाशे वर्षं चोखोबांच्या जातीच्या माणसांची वारी तिथेच संपायची. समाधीपर्यंत यायचं, माथा टेकायचा, परत फिरायचं. मे १९४७ मध्ये साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दार उघडलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २०१४ मध्ये संपले आणि मग इतर जातींचे पुजारी नेमले गेले. 'बडवे मज मारिती' या तक्रारीचा निकाल लागायला किती काळ गेला बघा.

चोखोबांच्या नावाची एक धर्मशाळाही इथे आहे, गाडगेबाबांनी बांधलेली. १९४९ साली त्यांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. गाडगेबाबा आयुष्यभर पंढरपुरात येत राहिले, पण त्यांनी वारकऱ्यांसाठी हाती खराटा धरला आणि मुलांसाठी शाळा मागितल्या. चोखोबांचं स्मारक म्हणून मला ती धर्मशाळा समाधीइतकीच मोठी वाटते.

खोडसाळ_पण_भाविक

भीमातीर, आमच्यासारखे लोक पंढरपूरला जाऊन बर्फी आणि चुरमुरे घेऊन परततात. पुढच्या वेळी तुम्हीच गाव दाखवा, चहा आमच्याकडून.

दूरदेशी

अमेरिकेतल्या एका मराठी शाळेत दर रविवारी मुलांना शिकवतो. वारीवर एक पाठ घ्यायचाय. मुलं दहा-बारा वर्षांची. आतापर्यंत 'ऊस डोंगा' च घेत आलोय. या धाग्यानंतर तेवढ्यावर थांबवत नाही. काय घ्यावं?

अनघा_दि

'ऊस डोंगा' सोडू नका. मुलांना ऊस, कमान, नदी पटकन कळतं, आणि 'काय भुललासी वरलिया रंगा' हे त्यांच्या शाळेत त्यांना रोज लागू पडत असेल. फक्त चोखोबांना हे म्हणावं का लागलं ते सांगा. 'चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा' म्हणणाऱ्याला डोंगा कोणी ठरवलं, एवढा एक प्रश्न वर्गात टाका.

निळी_पहाट

आणि त्याला जोडून कर्ममेळा घ्या. अर्थ सांगा, उत्तर सांगू नका. 'कासया जन्म दिला मला' असं विचारणाऱ्या मुलाला तुम्ही विठ्ठल असता तर काय सांगितलं असतं, हे मुलांनाच लिहू द्या. 'देवाची लीला' असं लिहिणाऱ्यालाही लिहू द्या. पण कर्ममेळ्याच्या अभंगाला चोखोबांचा अभंग उत्तर म्हणून लावू नका. आमच्या पिढ्यांना तेच ऐकवलं गेलंय.

दूरदेशी

तसंच करतो. धन्यवाद. मुलांनी काय लिहिलं ते इथे टाकेन.

टाळकरी

मंगळवेढेकर, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत पूर्ण बदललेलं नाही. शरणागती हा चोखोबांचा प्राण आहे असंच मी म्हणेन. तुकोबा 'चोखामेळा बंका जातीचा माहार। त्यासी सर्वेश्वर ऐक्य करी॥' म्हणतात, ते ऐक्य भक्तीने झालं. पण निळी पहाट ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर एक विचारतो. आमच्या दिंडीच्या भजनांच्या वहीत चोखोबांचे अभंग आहेत, सोयराबाईंचे थोडे आहेत, कर्ममेळ्याचा एकही नाही. देवाशी भांडण ही आमची रीत आहे असं मीच वर लिहिलंय. मग हे भांडण आमच्या वहीत का नाही? वर्षानुवर्षं कोणी घातलंच नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

येत्या वारीच्या आधीच्या बैठकीत 'आमुची केली हीन याती' वहीत घ्यावा असं सुचवणार आहे. विरोध होईल. 'लाज न ये तुमचे चित्ता' विठ्ठलापुढे कसं म्हणायचं, असं जुने लोक विचारतील. मी सांगेन, संताच्या मुलाने म्हटलंय, आपणही म्हणू. अडचण चालीची आहे. हलकीफुलकी चाल या शब्दांना चालायची नाही.

स्वरवेडा

टाळकरीकाका, दोन-दोन चरणांची जोडी आहे, दिंडीत धरायला सोपी जाईल. मी दोन-तीन चाली बसवून बघतो आणि ध्वनिमुद्रण पाठवतो. पखवाज मात्र तुमच्या मंडळींनी सांभाळायचा.

निळी_पहाट

बैठकीत काय ठरलं ते नक्की लिहा. नकार आला तरी लिहा.